न खणायची बाग

फाटकाची कडी काढली आणि माझे पाय जागीच खिळले. हातातली पिशवी कधी सुटली ते कळलंच नाही. आईने आबांसाठी पंचमीची पुरणाची दिंडं दिली होती, वर लाह्यांची पुरचुंडी होती. लाह्या पायरीपर्यंत पसरल्या तरी मला वाकून उचलायचं सुचेना.

माझी बाग कुणीतरी उलथीपालथी करून टाकली होती.

आदल्या दिवशी सकाळी माहेरी निघताना इथे मांडवावर दोडका चढलेला होता, घेवड्याला शेंगा लागल्या होत्या, वांगी पुन्हा फुलांवर होती. आता त्या जागी नुसती उघडी, ओली, काळी माती. खालचे पुठ्ठे वर आलेले, फाटून चिखलाने माखलेले. पाचट आणि पाला ओढून कुंपणाशी ढीग केलेला. श्रावणातलं ऊन नेमकं तेव्हाच पडलं होतं आणि उघडी पडलेली गांडुळं जीव वाचवायला मातीत तोंड खुपसत होती. 

एखाद्याची बाग खणली म्हणून एवढं काय, असं कुणी म्हणेल. पण ही बाग न खणायची होती. तिला लोखंड लावायचं नाही हा तिचा पहिला आणि शेवटचा नियम होता.

कराडच्या बाहेर आम्ही घर बांधलं तेव्हा बांधणाऱ्याने सगळ्या आवारात मुरूम पसरून वरून रोलर फिरवला होता. पहार मारली तर ठिणगी उडायची. दोन गडी आणले, तर दोघेही कपाळावरचा घाम पुसत म्हणाले, "वैनी, हितं झाड लावायचा नाद सोडा. पाण्याची टाकी बांधा." मी हिरमुसले. तेव्हा नाशिकची माझी मावसबहीण प्रमिला फोनवर हसली. म्हणाली, "अगं, खणतेस कशाला? वर रचत जा. खाली पुठ्ठे अंथर, भिजव, त्यावर शेण, पाचट, वाळका पाला. खणायचं काम गांडुळांचं. तू फक्त त्यांच्या मध्ये येऊ नकोस."

मग मी किराणा दुकानांतून पुठ्ठ्याची खोकी गोळा करत हिंडले. उसाच्या मुलखात पाचटाला तोटा नाही. पिंपात शेण, गोमूत्र, गूळ आणि बेसन कालवून ठेवलं की त्याचा वास चार घरं ओलांडून जायचा. शेजारच्या भोईटे तात्यांनी तर नाकाला रुमाल लावून विचारलं होतं, "वैनी, बाग करताय का आम्हाला गाव सोडायला लावताय?" आणि मी कुदळ हातात घेत नाही हे बघितल्यावर त्यांना कायमचा विषय मिळाला. नागपंचमीला जमीन खणायची नाही, नांगरायची नाही, हे आपल्याकडे पोरासोरांना ठाऊक असतं. तात्या कुंपणावरून ओरडायचे, "तुमच्याकडं बारा महिने पंचमी!"

या सगळ्या खटाटोपामागे नुसती हौस नव्हती. घरात आबा होते.

आबा म्हणजे माझे सासरे. पाटणकडच्या डोंगरात सगळी हयात औतामागे गेलेला माणूस. शेत थोरल्या दिरांकडे सोपवून दोघं नवरा-बायको आमच्याकडे राहायला आली, येताना गावाकडची कुदळ आणि खोरं तेवढं घेऊन आली. माघात आत्याबाई गेल्या, माझ्या सासूबाई. तेरावा झाला, पाहुणे गेले, आणि आबा खिडकीजवळच्या खाटेवर आडवे झाले ते उठलेच नाहीत. मोरीपर्यंत जायचं तरी ह्यांचा, नाहीतर माझा खांदा लागायचा. जेवण म्हणजे चार घास पेज. बोलणं म्हणजे "हं".

डॉक्टरांनी तपासलं. बाहेर येऊन म्हणाले, "पायांत काही नाही, मनात आहे. पण असेच पडून राहिले तर पायांतही काही उरायचं नाही. दिवाळीच्या आत उठले तर उठले. त्यानंतर तुम्ही उठवून उठायचे नाहीत."

आबांच्या खिडकीतून आवार दिसायचं. ते बघत असायचे की डोळे नुसते उघडे असायचे, कुणास ठाऊक. मला वाटायचं, शेतकरी माणूस आहे, डोळ्यांसमोर हिरवं दिसलं तर कधीतरी राहवणार नाही. पहिलं वांगं लागलं ते मी धुऊन त्यांच्या हातात दिलं. "आबा, आपल्या बागेतलं." त्यांनी ते उलटंसुलटं केलं, उशाशी ठेवलं आणि म्हणाले, "हं." पहिल्या दोडक्यालाही "हं." आत्याबाईंच्या पुरचुंडीतलं भोपळ्याचं बी लावलं होतं, त्याला फूल आलं तेव्हाही "हं." एकदा मी मोरीत जाऊन नळ सोडून रडले होते.

आणि आता त्या बागेची ही गत!

माझं डोकं भणाणलं. पिशवी तिथेच टाकून मी तडक तात्यांच्या दारात गेले. तात्या ओसरीवर पेपर वाचत बसले होते. मी नमस्कार-चमत्कार काही केलं नाही.

"तात्या, माझी बाग कुणी खणली?"

"आँ?" त्यांचा चष्मा नाकावर घसरला.

"आँ नका करू. वासाचा त्रास तुम्हाला, डासांचा त्रास तुम्हाला. मी एक दिवस माहेरी काय गेले, तर..."

"अहो वैनी, शुद्धीवर आहात का? मी कशाला खणीन? माझ्याच्यानं गुलाबाची कुंडी उचलत नाही." तात्या उठून उभे राहिले. "सकाळी कुदळीचा आवाज येत होता खरा. मला वाटलं, दिनकरनं गडी लावला. म्हटलं चला, पंचमी सुटली एकदाची."

"आणि तुम्ही बघायलाही उठला नाहीत?"

"गड्याचं काय बघायचं? आळशी होता पण. दोन घाव घालायचा आन् थांबायचा. पुन्हा दोन घाव, पुन्हा थांबायचा. मी हिला म्हटलंसुद्धा, असल्या गड्याला मी चहापण दिला नसता."

आतून मंदाकाकू पदराला हात पुसत आल्या. मी घरी नसले आणि हे डेपोत कामाला गेले की त्या आबांकडे एक चक्कर मारायच्या, तसं आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं. त्या म्हणाल्या, "मी सकाळी आबांना चहा दिला तेव्हा सगळं जिथल्या तिथं होतं गं. आबा भिंतीकडं तोंड करून पडले होते. हाक मारली, पण बोलले नाहीत. कप झाकून ठेवला आणि मी देवळात गेले. श्रावण आहे ना, आज पोथी होती."

"दिनकरनंच लावला असेल गडी," तात्या पुन्हा म्हणाले.

"ह्यांनी? ह्यांना ठाऊक आहे, त्या वाफ्यात मी खुरपंसुद्धा घालू देत नाही!"

माझा आवाज चिरकला आणि डोळ्यांत पाणी आलं. तात्या गडबडले. चप्पल सरकवत म्हणाले, "चला, बघू तरी काय प्रकार आहे."

आम्ही तिघं आवारात आलो. तात्या कुंपणाच्या कडेने फिरले, ढिगाजवळ वाकले आणि म्हणाले, "वैनी, हे बघा."

बघितलं तर वांग्याची रोपं उपटून फेकलेली नव्हती. मुळांची माती शाबूत ठेवून, ओल्या पोत्यात गुंडाळून, भिंतीच्या सावलीत ओळीने निजवली होती. घेवड्याच्या शेंगा आणि दोडके पाटीत भरून पायरीवर ठेवले होते. मघाशी रागाच्या भरात मला पाटीही दिसली नव्हती. आणि शेवटचा वाफा अर्धाच खणलेला होता. जिथे भोपळ्याचा वेल होता तिथे कुदळ थांबली होती. त्या वेलाच्या पानालाही धक्का नव्हता.

"नासधूस करणारा असा वागत नाही," तात्या हळूच म्हणाले. "हा कुणीतरी जाणता माणूस दिसतोय."

"जाणता? गाडला माझा सगळा उन्हाळा मातीत!"

एवढं बोलले आणि अचानक दुसराच विचार मनात आला.  कुणीतरी आवारात शिरून सकाळभर कुदळ चालवली, आणि घरात आबा एकटे होते. अंथरुणावर खिळलेला म्हातारा माणूस. त्यांनी हाक मारली असेल. त्यांना कुणी काही केलं असेल.

मी मागच्या दाराकडे धावले. दार नुसतं लोटलेलं होतं. आतल्या फरशीवर चिखलाची पावलं उमटली होती, अनवाणी, मोठी, दारापासून थेट आबांच्या खोलीकडे गेलेली. मध्ये भिंतीवर चिखलाच्या हाताचा पंजा होता.  पावलं खाटेपाशी जाऊन थांबली होती. परत फिरलेलं एकही पाऊल नव्हतं.

आबा उताणे पडले होते. चादर हनुवटीपर्यंत ओढलेली, डोळे मिटलेले. हालचाल नाही.

"आबा?" मी हळूच हाक मारली. "आबा!"

मागे दारात मंदाकाकू "अगं बाई, अगं बाई" करत उभ्या होत्या. मी पुढे झाले आणि चादर ओढली.

आबांचे पाय पोटऱ्यांपर्यंत चिखलाने भरले होते. चिखल वाळून त्याला भेगा पडल्या होत्या. धोतर खोचलेलं तसंच होतं. दोन्ही हात छातीवर होते आणि तळव्यांना फोड आले होते, एक फुटून लाल झाला होता. खाटेशेजारी मंदाकाकूंनी झाकून ठेवलेला कप होता. त्यात थेंबही उरलेला नव्हता.

मी चादरीचं टोक धरून तशीच उभी राहिले. डोळ्यांनी जे दिसत होतं ते डोक्यात शिरेना. मोरीत जायला ज्याला दुसऱ्याचा खांदा लागतो तो माणूस!

आबांनी डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं.

"आलीस व्हय," ते म्हणाले. "दिंडं आणली न्हाईस?"

माघानंतर त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलं वाक्य. मी खाली बसले, त्या चिखलाच्या पावलांवरच.

"आबा... बाहेर कोण आलं होतं?"

"कोण येतंय? मीच हुतो."

"तुम्ही? तुम्ही खणलं?"

"मग कुणी खणायचं?" आबांनी हाताच्या कोपरावर जोर देऊन उठायचा प्रयत्न केला. तात्या पुढे झाले, तर त्यांना हातानेच मागे सारलं आणि कण्हत कुंथत उठून बसले. "गड्याला सांगायचं काम न्हवं ते. ते माझंच राहिल्यालं."

"काय राहिलं होतं?"

आबांनी खिडकीकडे बोट केलं. खिडकीच्या खाली, बाहेरच्या भिंतीला, कुदळ-खोरं टेकवलेलं असायचं. आत्याबाई गेल्या तेव्हा मीच ते धुतलं होतं, गंजू नये म्हणून तेल लावून फडक्यात गुंडाळलं होतं. माझ्या बागेला त्याचा उपयोग नव्हता.

"हितनं सगळं दिसतं बघ," आबा म्हणाले. "सहा म्हैनं बघतुया. पोरीनं कुदळ धुतली, गुंडाळली आन् भिताडाला टेकवली. तवापासनं हात म्हणून लावला न्हाई. खोक्याची पुठ्ठी हातरती, पाला हातरती, शेण आणून वतती, पर मातीला लोखंड म्हणून लागू देत न्हाई. म्हटलं, हिनं सासूचं सुतक धरलंया."

"सुतक?" मी म्हटलं. "आबा, सुतक तर तेराव्यालाच..."

"तेराव्याला घराचं फिटतं. मातीचं न्हाई." त्यांनी घोटभर पाणी मागितलं, प्यायले. "आमच्या वाडीत माणूस गेलं की औत थांबतंया. तेरावा झाला की घरच्या कर्त्यानं रानात पयली कुदळ मारायची. मग बाकीच्यांनी मातीला हात लावायचा, त्याच्या आदी न्हाई. मी कुदळ मारलीच न्हाई. पडलो हितं तोंड फिरवून. आन् तू माझ्या आदी हात कसा लावायचा म्हणून गुमान वरच्यावर भागवत बसलीस. एका शब्दानं बोलली न्हाईस."

मी शहरात वाढलेली. ही रीत मी जन्मात ऐकली नव्हती. सहा महिने मी इकडे पुठ्ठे भिजवत होते, प्रमिलाला फोन करून शेणाचा थर किती द्यायचा ते विचारत होते, आणि खिडकीच्या आत हा माणूस मला सुतक पाळताना बघत होता.

"पंचमी सरायची वाट बघितली," आबा म्हणाले. "पंचमीला लोखंड लावत न्हाईत. म्हणून आज उठलो. भित धरून धरून गेलो. दोन घाव घातलं की दम लागायचा. वाटलं, आता पडतोय हितंच. पर पोरी, काय माती केलीयास गं! लोण्यागत. कुदळ टेकवली की आपसूक आत. हीच पयल्यासारखी मुरमाड असती तर ह्या हातानं एक घाव झेपला नसता."

तात्यांनी खिशातून रुमाल काढला. मघाशी आळशी गडी म्हणाले होते ना, ते त्यांनाही आठवलं असावं.

"आणि भोपळा?" मी विचारलं. "तो वेल का सोडलात?"

आबांनी तळव्यावरच्या फोडावरून बोट फिरवलं.

"त्यो तिचा हाय," ते म्हणाले. "बी वळखतो मी तिचं. तिला कसं उपटू?"

आणि सहा महिने कोरडे राहिलेले त्यांचे डोळे भरून आले. आत्याबाई गेल्या तेव्हाही हा माणूस रडला नव्हता. आता मात्र ते पोरासारखे हुंदके देऊन रडले, चिखलाचे हात तोंडाला लावून, आणि मी त्यांच्या पायांशी बसून रडले. मंदाकाकू तर आमच्या आधीपासूनच सुरू होत्या.

मला त्यांना सांगता आलं असतं. ही एक पद्धत आहे, जमीन खणली की गांडुळं मरतात, मातीची वीण विस्कटते, तुम्ही माझी सगळी मेहनत उलटी केलीत. सगळं जिभेवर होतं. मी त्यांचे फुटलेले तळवे बघितले.

"हो आबा," मी म्हटलं. "सुतकच होतं. आज फिटलं."

"मग रडतीस कशापायी? ऊठ." त्यांनी चिखलाच्या हातानेच नाक पुसलं. "दिंडं दे. भूक लागलीया. आन् ती वांगी ऊन उतरलं की लावून टाक, मुळं वाळत्याल."

दिंडं फाटकात पडली होती. मंदाकाकू म्हणाल्या, माती लागली असेल, मी घरून दुसरं काही आणते. आबा म्हणाले, मातीनं काय हुतंय. डबा उघडला तर झाकण घट्ट होतं, दिंडांना काही झालं नव्हतं. वाटीभर तुपाबरोबर त्यांनी ती सगळी खाल्ली, आणि आणखी आहेत का ते विचारलं.

संध्याकाळी हे डेपोतून आले. आबा बाहेर पायरीवर बसले होते आणि मी वांगी लावत होते. "आणखी खोल," "मूळ दुमडू नगं," असं त्यांचं चाललं होतं. ह्यांनी सायकल स्टँडला लावलीच नाही. ती तशीच हातातून सुटून आडवी झाली आणि चाक बराच वेळ फिरत राहिलं. हे वडिलांकडे बघत होते आणि आबा वैतागून म्हणाले, "बघतोस काय? पाणी आण झारीनं."

त्या वर्षी बागेत तण असं माजलं की विचारू नका. खणलेल्या मातीत गाडलेलं सगळं बी वर आलं. प्रमिलाने फोनवर माझी खरडपट्टी काढली. मी ऐकून घेतली. वाफ्यात आम्ही मेथी टाकली, आबांनी रोज उकिडवं बसून ती निंदली. दिवाळीत डॉक्टर फराळाला आले तेव्हा आबांनी फाटकापर्यंत जाऊन त्यांना भोपळा दिला. आत्याबाईंच्या वेलाचा.

पुढे चार श्रावण आबा होते. दर वर्षी पंचमी झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी ते कुदळ घेऊन वाफे खणायचे, आणि मी पदर खोचून त्यांच्या मागे उभी राहायची. "बघ कशी लोण्यागत हाय," असं ते दर वर्षी म्हणायचे. ते पुण्याला लेकीकडे गेले की मी गुपचूप पाचट पसरून घ्यायची. परत आल्यावर ते हसून ओढून टाकायचे. त्यांना काय कळत होतं आणि काय नाही, मी कधी विचारलं नाही.

पाचव्या वर्षी कार्तिकात आबा गेले. तेरावा झाल्यावर मी ह्यांना बागेत नेलं. त्यांनी पहिली कुदळ मारली, रीतीप्रमाणे. मग मी ती त्यांच्या हातातून घेतली, धुतली, तेल लावून फडक्यात गुंडाळली आणि खिडकीखाली भिंतीला टेकवली. त्याच दुपारी किराणा दुकानांतून खोकी आणली, पुठ्ठे भिजवले आणि वाफ्यांवर अंथरले.

त्याला आता कितीतरी वर्षं झाली. मातीला लोखंड लागलेलं नाही. बाग बघायला लोक येतात, मूठभर माती हातात घेऊन चोळतात आणि विचारतात, इतकी मऊ माती, मग तुम्ही खणत का नाही? मी त्यांना गांडुळांचं सांगते. ते निम्मं खरं आहे.